शाळेच्या ग्रुपवर मुलांचा प्रश्न कुठे आहे?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



एक विनंती करूनच पत्र सुरू करते. राज्यातली कुठलीही एक जिल्हा परिषद शाळा निवडा आणि तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्याभरात काय काय आलं ते सावकाश वाचून पाहा. उद्या सुट्टी आहे. आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत. वृक्षारोपणाचे फोटो, मग त्याच कार्यक्रमाचे आणखी फोटो. एखादी पीडीएफ, यूट्यूबच्या दोन-तीन लिंक. कुणा पालकाने पाठवलेला सुविचार आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. यातलं बरंच काही गरजेचं असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मुलांच्या नावाने हा ग्रुप निघाला, त्यांच्यापैकी एकाचाही प्रश्न तिथे नसतो. ‘बाई, चंद्र सकाळी का दिसतो?’ एवढासाही नाही.

मी भूगोल आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. समाजमाध्यमांचा शिक्षणात वापर हा विषय मी सभांमधून, प्रशिक्षणांमधून, शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांमधून ऐकत आले. बोलणं दोनच अंगांनी होतं. एक, मोबाइलने मुलं बिघडली, तो काढून घ्या. दुसरं, जग बदललंय, मुलांना ई-साहित्य पाठवा. दोन्ही बाजूंना मूल हे फक्त घेणारं आहे. वाद एवढाच की त्याला द्यायचं की नाही. मला वाटतं, समाजमाध्यम शिकण्याचं साधन होतं ते मूल त्यावर काही विचारतं, मोजून टाकतं, लिहून मांडतं आणि दुसरं मूल ते तपासतं तेव्हा. आपल्या धोरणात नेमकी ह्याला जागा नाही. ती द्यावी म्हणून हे पत्र.

आपल्या राज्याकडे या बाबतीत काहीच नव्हतं, असं मुळीच नाही. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासकीय कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले. तंत्रस्नेही शिक्षक ही ओळख तेव्हाच रुजली. ती कागदावरची नव्हती. रात्री उशिरापर्यंत जागून स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या डेटावर पाठांचे व्हिडिओ करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, मुलांना स्काईपवरून दूरदेशीच्या वर्गांशी बोलायला लावलं. 2020 च्या डिसेंबरमध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. त्यांच्या कामातल्या क्यूआर कोडचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि तो कोड राज्याच्या पुस्तकांवर आलाही. दूरच्या मुलांशी बोलणारी मुलं मात्र राज्यभर पोचली नाहीत. साहित्य पोचवणारा अर्धा भाग आपण घेतला, संवादाचा अर्धा भाग परितेवाडीतच राहिला.

करोनाच्या काळात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची. त्या भयाण दिवसांत शाळा अजून आहे, हे मुलांना त्यामुळे जाणवत राहिलं, याची मला कृतज्ञता आहे. 2020 च्या नोव्हेंबरात ‘स्वाध्याय’ आला. त्यात दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न यायचे, मूल उत्तर द्यायचं. मला तो अभ्यासमालेपेक्षा पुढचा वाटला, आणि त्याला कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच उतारा काहींना पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं हे त्या पहिल्या गटासारखंच आहे. समजल्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. पाठवलेल्या लिंकांची संख्या मोजून शिक्षण झालं असं आपण धरून चालतो, तेव्हा हा साधा फरक नजरेतून सुटतो.

या सगळ्यानंतर मुलं मोबाइलवर काय करतात? ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत मोबाइल वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांना हे विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केलं, असं 57 टक्क्यांनी सांगितलं. समाजमाध्यम वापरलं, असं 76 टक्क्यांनी. म्हणजे मुलं तिथे आधीच पोचली आहेत. आपण फक्त त्यांच्याबरोबर तिथे गेलेलो नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर स्वतःचा मार्ग काढला, तो आपणास ठाऊक असेलच. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. ग्रामसभेने ठरवलं आणि गावाने पाळलं, म्हणून मला त्या गावाबद्दल फार आदर आहे. पण शिक्षणखात्याने त्या भोंग्यातून एक गोष्ट ऐकायला हवी. अभ्यासासाठी म्हणून जे यंत्र घराघरात गेलं, तेच बंद केल्याशिवाय अभ्यास होत नाही, असा निष्कर्ष एका अख्ख्या गावाने काढला. यंत्रात दोष शोधण्याआधी आपण त्यावरून काय पाठवत होतो ते पाहायला नको का?

चांगला वापर कसा असतो, ते आपल्याच राज्यातल्या एका माणसाने दाखवून ठेवलं आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या यांपासून खेळणी केली आणि त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भाषांतून यूट्यूबवर मोफत ठेवले. तो व्हिडिओ बघणारं मूल काय करतं? मोबाइल बाजूला ठेवतं आणि घरात आगकाड्या शोधायला उठतं. शैक्षणिक व्हिडिओ चांगला की वाईट, हे ठरवायला मला याहून चांगली कसोटी माहीत नाही.

आता मी जे मागते आहे त्याचं एक उदाहरण मांडते. सातारा जिल्हाच घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 500 च्या आसपास, कधी त्याहूनही कमी. दोन्हीकडची मुलं एकाच पुस्तकातून पर्जन्यछायेचा प्रदेश शिकतात, व्याख्या पाठ करतात, परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितात. महाबळेश्वरच्या मुलाला माणमधला उन्हाळा माहीत नसतो, माणच्या मुलीला न थांबणारा पाऊस. मधलं अंतर काही तासांचं, पण मुलं एकमेकांना कधी भेटत नाहीत.

या दोन वर्गांचा मिळून एक ग्रुप करायचा. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून उलटी बसवली की पर्जन्यमापक तयार होतो. बाजूला पट्टी चिकटवायची. बुडाला खळगे असतात म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत आधी पाणी भरून ठेवायचं. वेधशाळा सकाळी साडेआठला मोजते, तर आपणही साडेआठलाच मोजायचं. रोज प्रत्येक वर्गाने एक आकडा टाकायचा. जून ते सप्टेंबर, बस.

हे वाचायला फार साधं वाटेल, म्हणून यात काय काय दडलंय ते सांगते. पहिल्या आठवड्यातच भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. तुमचा आकडा एवढा कसा? बाटली पागोळ्यांखाली ठेवली होती का? रविवारी कोणी मोजलं? सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं तर ते लिहायचं कसं? एखाद्या दिवशी आकडा विसरला म्हणून कोणी मनाने टाकला, तर शेजारच्या आकड्यांमध्ये तो उघडा पडतो. मोजमाप म्हणजे काय, चूक कुठून येते, प्रामाणिक नोंद का महत्त्वाची, हे शिकवायला मला वर्गात किती झगडावं लागायचं! इथे ते दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या एका प्रश्नाने होतं. आपल्या बाईंनी विचारलं तर मूल गप्प बसतं. अनोळखी मुलाने विचारलं तर ते उत्तर शोधून आणतं. मग ऑगस्टात माणची मुलं आपल्या बाजरीचा फोटो टाकतात, महाबळेश्वरची आपल्या भाताचा. कुठे काय पिकतं, घरांची छपरं वेगळी का, पाण्याचा टँकर कुणाच्या गावात येतो, हे प्रश्न कुणी न सांगता निघतात. असे प्रश्न पुस्तकातला नकाशा उभे करत नाही, कारण नकाशा उलट विचारत नाही.

असं जगात इतरत्र आधीच घडतं आहे. 2008 मध्ये सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट हे निसर्गनिरीक्षकांचं समाजमाध्यमच आहे. तुम्ही फुलाचा, किड्याचा फोटो तारीख आणि ठिकाणासह टाकता, इतर लोक ते काय आहे ते सांगतात, मतभेद झाले तर कारणं देतात. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झाल्यावरच त्या नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. तिथे लाइक किती मिळाले याला अर्थ नाही. तुझं म्हणणं कशावरून, याला आहे. इन्स्टाग्रामवर वाढणाऱ्या मुलीला हा दुसरा रिवाजही असतो हे एकदा तरी अनुभवायला मिळावं, असं मला फार वाटतं.

केरळकडे पाहा. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेच्या स्कूलविकीवर पंधरा हजारांहून अधिक शाळांची पानं आहेत. शाळेचा इतिहास, गावाची माहिती, मुलांचं लेखन, सगळं मल्याळममध्ये आणि शाळांनीच भरलेलं. महाराष्ट्रात गावोगावच्या विहिरी, बारव, जत्रा, बियाणं, जात्यावरचं गाणं गाणाऱ्या आज्या, यांची माहिती मुलं गोळा करतात. दरवर्षी प्रकल्पवह्या भरतात. वर्षअखेर त्या वह्या रद्दीत जातात. पुढच्या वर्षीचा वर्ग पुन्हा तेच पहिल्यापासून करतो. मराठीला अभिजात दर्जा मिळून आपण आनंद साजरा केला. त्या मराठीत सातवीतल्या मुलीने आपल्या गावच्या बारवेवर लिहिलेलं पान इंटरनेटवर असावं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाने त्यातली चूक दुरुस्त करावी, हे आपल्या खात्याच्या आवाक्यातलं काम आहे.

आता जे सर्वांत गंभीर वाटतं ते लिहिते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसं ठार मारली. ती सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने आपल्या परीने काही केलं. शाळेने काय केलं? त्याच वर्षी केरळमधल्या कण्णूरच्या जिल्हा प्रशासनाने 150 सरकारी शाळांमध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम चालवला. त्याला कारण होतं: आदल्या वर्षी गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांनी तिथले पालक मुलांना लस द्यायला कचरत होते. मुलांना शिकवलं ते इतकंच की हा संदेश मूळ कुणी पाठवला, फोटो कधीचा, कुठचा, दुसरीकडे ही बातमी आहे का, आणि ती वाचून मला इतका राग का येतोय. राईनपाडा आपल्या राज्यात घडलं, आणि आपल्या शाळांत असा तास अजून नियमाने होत नाही. ज्या मुलाने चार महिने दुसऱ्या शाळेला ‘तुझा आकडा कशावरून?’ विचारलंय, ते मूल घरच्या ग्रुपवर आलेल्या अफवेलाही तेच विचारेल, असा माझा विश्वास आहे. तपासण्याची सवय भाषण ऐकून लागत नाही.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल द्यावा, असं मी म्हणत नाही. उलट देऊच नये. ‘असर’च्या त्याच पाहणीत, मोबाइल वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांमध्ये स्वतःचा मोबाइल असणारे मुलगे 36 टक्के आणि मुली 27 टक्के होत्या. घरचा एकुलता एक फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा तो भावाच्या हातात असतो. घरच्या फोनवर सोपवलेला अभ्यास मुलींना मागे टाकतो. शिवाय इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांच्या स्वतःच्याच नियमांनुसार तेराव्या वर्षाआधी मुलांना स्वतःहून खातं काढता येत नाही. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. आपण तो मार्ग धरावा की नाही, यावर वेगळी चर्चा होऊ दे. मी मागते ते वर्गाचं खातं. एक वर्ग, एक साधन, ते शाळेत राहणार, शिक्षकाच्या देखरेखीखाली. मुलांनी चर्चा करून, वहीत लिहून, एकमताने ठरवलेलं वाक्य तिथून जाणार. मूल एकटं पडद्यासमोर नाही; सगळा वर्ग मिळून एका दुसऱ्या वर्गाशी बोलतो आहे.

आणि मुलांच्या चेहऱ्यांबद्दल. वर्गातल्या मुलांना नाचवून, गायला लावून केलेली रील लाखो लोक बघतात. शिक्षकाचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण पाढे चुकणारं, रडणारं, तोतरं बोलणारं मूल त्या व्हिडिओत कायमचं अडकतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी होईल अशी संमती मागतो. आपल्या शाळांसाठी नियम याहूनही साधा असावा: सार्वजनिक ठिकाणी मुलांचं काम दिसेल, चेहरा दिसणार नाही. पाटीवरची आकृती दिसेल, बाटलीतलं पाणी दिसेल, लिहिणारा हात दिसेल.

या फोटोंचं मूळ मात्र एकट्या शिक्षकात नाही. 2016 च्या नोव्हेंबरात शिक्षकांनी विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून त्या शाळांच्या माहितीसाठीच्या ‘सरल’ या शासकीय प्रणालीवर टाकाव्यात, असा शासन निर्णय निघाला होता. विरोध झाल्यावर तो गुंडाळला गेला, पण फोटो म्हणजे पुरावा हा विचार राहिला. उपक्रम झाला? फोटो टाका. दिन साजरा झाला? लिंक भरा. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा ग्रुप. शिकवण्याच्या वेळेतच संदेश येतो, ‘माहिती तात्काळ सादर करा.’ शिक्षकाच्या हातातला मोबाइल दिवसभर वरच्या कार्यालयाला उत्तरं देत असेल, तर तो मुलांच्या प्रश्नांसाठी कधी मोकळा होणार?

आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. 2025 च्या जुलैत शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या. शासनाच्या धोरणावर टीका करू नये, असं त्यात आहे. आता सहावीच्या पुस्तकातल्या एखाद्या स्वाध्यायाने मुलांचा गोंधळ होतो, असं एखाद्या शिक्षिकेने शिक्षकांच्या फेसबुक गटावर लिहिलं, तर ती टीका धरायची की विषयचर्चा? अपूर्णांक शिकवताना माझी अर्धी मुलं इथे चुकली, तुमची कुठे चुकली, हे गडचिरोलीच्या शिक्षकाने सिंधुदुर्गच्या शिक्षिकेला मोकळेपणाने विचारता आलं तर समाजमाध्यमाचा त्याहून मोठा शैक्षणिक उपयोग नाही. कारवाईच्या भीतीने तेच आधी थांबतं. विषय, पाठ्यपुस्तक आणि अध्यापन यांवरची शिक्षकांची जाहीर चर्चा या सूचनांच्या कक्षेबाहेर आहे, असं एक पत्रक आपल्या सहीने निघावं.

निविदा, नवं ॲप, उद्घाटन, यांतलं काही मी मागत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, विदर्भात थोड्या उशिरा. ज्या शाळा स्वतःहून पुढे येतील त्यांच्या जोड्या डायटने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, लावून द्याव्यात: घाटमाथ्याची शाळा आणि दुष्काळी तालुक्यातली शाळा, खाडीकाठची आणि धरणाकाठची, पाड्यावरची आणि महापालिकेची. प्रत्येक जोडीने पावसाळाभर एकच गोष्ट मोजावी आणि एकमेकांना विचारावं. त्या ग्रुपमध्ये दोन वर्गांचे शिक्षक आणि त्यांचे मुख्याध्यापक असावेत. केंद्रप्रमुखांपासून वर कोणी नसावं. त्यावरचे फोटो कुणी मागवू नयेत, अहवालाचा नमुना काढू नये, क्रमांक देऊ नयेत. दिवाळीच्या सुट्टीत त्या शिक्षकांना एक दिवस पुण्याला बोलवावं आणि मुलांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न आपण स्वतः बसून वाचावेत. पुढच्या वर्षीचं धोरण त्यानंतर लिहावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका